लोखंडाचं दुखणं : वडिलांची रायफल आणि कुंकवाचा गंज

(जुनी हत्यारं, अवजारं, यंत्रं यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात साताऱ्याचे एक निवृत्त आर्मरर, म्हणजे फौजेतले हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर.)

प्रश्न : काका, सा. न. वि. वि. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मी कराडला शिक्षिका आहे. बाबांकडे इशापूरच्या कारखान्याची ३१५ बोअरची रायफल होती. शेतात रानडुकरांचा धुमाकूळ, म्हणून १९७०च्या सुमारास घेतलेली. २०२१च्या पावसाळ्यात बाबा गेले. भाऊ पुण्याला असतो, त्याला ती नको होती. आम्ही ती लगेच रीतसर जमा केली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली. रायफल घरी आली ती बाबांच्याच चामडी खोळीत. खोळ काढली आणि मला रडू आलं. वरच्या बाजूला रुपयाएवढा लालभडक डाग. लाकूड आणि नळी जिथे भेटतात तिथे लाल रेघ. मध्ये बोटं उमटावीत तसे पट्टे. नळीत डोकावलं तर नुसता अंधार. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) पुढे पोटाजवळ काळा रंग उडून पांढरं पडलंय, तेही बघवत नाही. दीर म्हणतात, एमआयडीसीतल्या मित्राकडून तारेचा ब्रश मारून निकेल करून आणतो. सासूबाई म्हणतात, चिंच लाव, देवाच्या भांड्यांसारखी लख्ख निघेल. वर्गातला एक मुलगा म्हणतो, मॅडम, कोल्ड्रिंकमध्ये बुडवा. मला ती चालवायची नाही. पण बाबा दर खंडेनवमीला तिची पूजा करायचे, तेवढी मला चालू ठेवायची आहे. ती पुन्हा नव्यासारखी होईल का? फोटो सोबत पाठवते.
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, आधी दिरांना फोन करा. रायफल अजून एमआयडीसीत गेली नसेल तर पुढचं वाचा.

तुमचे दीर मनाने चांगलेच असणार, पण परवाना तुमच्या नावावर आहे, त्यांच्या नाही. ती खांद्याला लावून ते मोटारसायकलवरून निघाले की भानगड सुरू. निकेल करणारा मित्र कितीही हुशार असला तरी बंदूक दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, तो त्याच्याकडे नसणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो तारेचा ब्रश. ग्राइंडरवर फिरणारा ब्रश गंज खातो, रंग खातो आणि त्याच्यापुढे आला तर नंबरही खातो. शस्त्र अधिनियम १९५९चं आठवं कलम काढून बघा. बंदुकीवरचा नंबर, नाव, खूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि असली बिननंबरी बंदूक जवळ बाळगायलाही मनाई आहे. उद्या नूतनीकरणाला गेलात आणि साहेबाला नंबर वाचता आला नाही, तर "दिरांनी चकचकीत करून आणली" हे उत्तर चालत नाही.

हे मी कायद्याच्या धाकाने सांगत नाही, स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. पहिल्या मोठ्या सुट्टीवर गावी आलो तेव्हा मी नुकताच सिकंदराबादहून आर्मररचं शिक्षण घेऊन आलेलो. अंगात मस्ती. आजीचा लोखंडी अडकित्ता गंजलेला दिसला. म्हटलं, दाखवू घरच्यांना फौजेत काय शिकलो ते. पॉलिश पेपर घेऊन बसलो, दुपारपर्यंत आरसा करून टाकला. आजीने हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "माझं नाव कुठं गेलं रं?" तिच्या लग्नात तिच्या बापाने ठिपक्या-ठिपक्यांनी त्यावर नाव कोरून घेतलं होतं. गंजाखाली ते होतं. मी गंजाबरोबर तेही घासून काढलं. आजी मला रागावली नाही. त्यानंतर त्या अडकित्त्याने तिने सुपारी कातरलेली मात्र मी पाहिली नाही.

म्हणून "नव्यासारखी होईल का" याचं माझं उत्तर : नाही, आणि करूही नका. आपलं काम गंज थांबवायचं. वय पुसायचं नाही.

आता हात लावण्याआधी. रायफल तीन वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात होती, त्यामुळे ती रिकामीच असणार असं धरून चालू नका. तोंड भिंतीकडे, तेही पलीकडे कोणी नसलेल्या भिंतीकडे. बोट चापापासून लांब. मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस नळीत बसवणारा मागचा सरकता दांडा) मागे ओढा, आत बघा, आणि मग करंगळी आत घालून चाचपा. डोळ्याला अंधारात पितळ दिसत नाही, करंगळीला कळतं. आमच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं नोकरी झालेला हवालदारसुद्धा दर वेळी करंगळी घालायचा. बोल्ट हलतच नसेल तर तिथेच थांबा. हातोडी नको, लाकडी ठोकळा नको, यूट्यूब नको. मग ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं. आत काडतूस अडकलेलं दिसलं तरीही तेच. पुढून गज घालून ते ढकलायला जाऊ नका.

तुमच्या फोटोत बोल्टच्या दांड्याजवळचा नंबर आणि अंगावरचा (नळीमागच्या मुख्य लोखंडी भागावरचा) नंबर एकच दिसतोय. ही चांगली गोष्ट आहे. जिचा बोल्ट तिलाच बसवलेला असतो, दुसरीचा चालत नाही. काढलात तर हरवू नका आणि कुणी "माझ्याकडे चांगला आहे" म्हणून दिला तर घेऊ नका.

आणि त्यापलीकडे काही सोडवू नका. तुमची ३१५ ही आमच्या फौजेतल्या जुन्या ३०३ रायफलीचीच बहीण. फौजी बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं फौजेचं माप, सर्वसामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून इशापूरने तेच अंग ठेवून ८ मिलिमीटरची वेगळी नळी बसवली. जुन्या ३०३मध्ये दस्ता (खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड) धरणाऱ्या लांब पेचाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता कुणी मागून तो पेच फिरवला की लाकूड उभं चिरतं. चांगले चांगले फसलेत. तुमच्या रायफलीत ते तसंच आहे की नाही हे पेचकस लावून बघायची गरज नाही.

आता गंज. ताई, गंज वाचता येतो. तुम्ही मास्तरीण आहात, मुलांच्या वह्या तपासताना कुणी कुणाची बघून लिहिली ते तुम्हाला कळतं ना? तसंच.

वरचा रुपयाएवढा डाग. तो जिथे आहे, त्या जागी पावसाचं पाणी पडत नाही, हात लागत नाही, लाकूड टेकत नाही. मग तिथेच गंज का? कारण खंडेनवमी. बाबा दर वर्षी तिथे हळदकुंकवाचं बोट लावायचे, ओलं. वर झेंडूची पाकळी चिकटायची. दसरा झाला की फूल काढलं जायचं, पण कुंकू कोण पुसतो? देवाचं आहे, राहू दे. ते ओल धरून बसायचं. जवळजवळ पन्नास वर्षांची पूजा त्या डागात आहे. साताऱ्यात मी असे डाग तलवारींवर, कोयत्यांवर, एकदा तर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पाहिलेत, सगळे गोल, सगळे बोटाच्या मापाचे.

लाकडाच्या काठाची लाल रेघ. लाकूड ओल पितं आणि लोखंडाला चिकटून बसतं, तिथे हवा फिरत नाही. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस तुम्हाला मी काय सांगू. माण-खटावसारख्या कोरड्या भागातली रायफल असती तर ही रेघ बहुतेक दिसली नसती. वर दिसते त्यापेक्षा ती खाली जास्त असते हे लक्षात ठेवा.

बोटांचे पट्टे म्हणजे अक्षरशः बोटंच. घामात मीठ असतं. जमा करताना, मोजताना, कपाटातून कपाटात ठेवताना कुणीतरी उघड्या हाताने धरली आणि न पुसता खोळीत घातली.

खरी गुन्हेगार ती खोळ. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात, आणि चामडं हवेतली ओल स्पंजासारखं ओढतं. रायफल नेताना खोळ, ठेवताना उघडी, हा फौजेचा नियम. ती खोळ बाबांची म्हणून जपा, पण रिकामी.

आणि मॅगझिनच्या पुढचं पांढरं? तो गंज नाही, ताई. रायफल एका हातात आडवी धरून चालायचं म्हटलं की तिचा तोल बरोबर तिथे येतो. शेताच्या बांधावरून जाता-येता बाबांचा तळहात तिथे घासला. काळेपणा गेला आणि खालचं पोलाद उघडं पडलं. त्यावर तेलाचा हलका हात फिरवा, दुसरं काही करू नका. कुणी "तेवढं काळं करून देतो" म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

आता काम. चिंच नको, लिंबू नको, कोल्ड्रिंक नको. ही तिन्ही आंबट. आंबट गंजाला खातं हे खरं. पण रायफलीचा जो काळा-निळा रंग तुम्हाला रंग वाटतो, तो रंग नव्हेच, तोही गंजच आहे. लोखंडाचा काळा गंज, कारखान्यात मुद्दाम चढवलेला. लाल गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आपल्याखाली आणखी गंज जन्माला घालतो. काळा घट्ट बसतो, तेल धरतो आणि खालच्या पोलादाला सांभाळतो. चिंचेला हा फरक कळत नाही. ती लाल खाते आणि काळंही खाते. सासूबाईंना सांगा, चिंच समईला.

घासणीही बघून घ्या. भांडी घासायची तारेची घासणी आणि तो हिरवा काथ्या, दोन्ही काळ्या रंगाचे वैरी आहेत.

बोहऱ्याच्या दुकानातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणा. जुन्या सुती साडीच्या, धुऊन मऊ झालेल्या चिंध्या करा. फौजेतही आम्ही त्याला चिंधीच म्हणायचो, तमिळ आणि पंजाबी पोरंसुद्धा "चिंधी" म्हणायची. गंजलेल्या जागी तेल लावा आणि दोन दिवस सोडून द्या. हा भाग लोकांना जमत नाही, सगळ्यांना घासायची घाई. तेल लाल गंजाच्या छिद्रांत शिरून त्याची पकड ढिली करतं. तिसऱ्या दिवशी पुसा. चिंधी तपकिरी निघेल. पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. निम्मं काम इथेच होतं.

उरलेल्या पापुद्र्यांना भोकाचा पैसा. तुमच्या आजीच्या पुरचुंडीत असेल. १९४३ ते ४७ या काळातला, मधे भोक असलेला. तो कांस्याचा आहे, पोलादापेक्षा मऊ. तेल लावून त्याच्या कडेने हलके खरवडा. गंज सुटतो, पोलादाला ओरखडा येत नाही. पैशाचा पिवळट माग राहिला तर चिंधीने जातो. हल्लीचा एक रुपया घेऊ नका, तो स्टेनलेस स्टीलचा आहे, ओरखडे काढेल. भोकाचा पैसा नसेल तर पितळेची एखादी पट्टी, कडा गुळगुळीत करून.

त्यानंतरही लाल छटा राहिली तर सगळ्यात बारीक पोलादी लोकर मिळते, तिच्यावर चार शून्यं लिहिलेली असतात. तीच, आणि तेलात भिजवूनच. कोरडी कधीच नाही. वजन न देता, जणू बाळाचं डोकं पुसताय तसं. नंबर आणि शिक्के आहेत तिथे लोकर नको, तिथे फक्त तेल, चिंधी आणि बांबूची काडी. आणि लोकर काळी व्हायला लागली की थांबा. लालसर रंग म्हणजे गंज निघतोय, काळा म्हणजे रंग निघतोय.

कुंकवाच्या डागाखाली खड्डे निघतील. देवीचे व्रण असतात तसे. ते भरत नाहीत, भरायचा प्रयत्न करू नका. त्यात लाल दिसायचा बंद झाला म्हणजे झालं. जुने कारागीर लाल गंज उकळत्या पाण्याने काळा करून घ्यायचे. खरंच होतो. पण त्याला रायफल पूर्ण उघडावी लागते, म्हणून ते घरचं काम नाही. तुमचा डाग फारच डोळ्यांत खुपत असेल तर परवानाधारक कारागिराला एवढंच करायला सांगा आणि "पॉलिश करू नको" हे शब्द लिहून द्या. तोंडी सांगितलेलं त्याला ऐकू जात नाही.

नळीच्या आतला अंधार. बोल्ट काढला की मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि पुढून बघा. अंधाराचं निम्मं कारण नुसती धूळ आणि आटलेलं तेल असेल. सफाई नेहमी मागून पुढे. दोरी आणि तिला वजन, त्याला पुल-थ्रू म्हणतात. वजन मागून सोडायचं, पुढून ओढायचं, सरळ. दोरी तोंडाच्या कडेला घासली तर वर्षानुवर्षांत ती कड झिजते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. तुम्ही चालवणार नाही, तरी सवय चांगली लावा. तेलाची चिंधी, एक दिवस थांबा, पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, ती स्वच्छ निघेपर्यंत.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. ३०३च्या जुन्या काडतुसाच्या टोपीत (बुडाशी असते, चाप ओढला की आधी तीच पेटते) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की नळीत मीठच उरतं. आपल्या जेवणातलं नव्हे, पण त्याचं सख्खं भावंड, आणि तेही पाणी ओढणारं. नवखा जवान तेलाने नळी पुसायचा, खूश व्हायचा आणि आठवड्यात नळी लाल व्हायची. मीठ तेलात विरघळत नाही! आमचे उस्ताद नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी ओतायचे. लोखंडात पाणी ओतताना पाहून पोरं हबकायची. पाण्याने मीठ जातं, गरम नळी आपोआप वाळते, मग तेल. बाबांनी तसल्याच टोपीची जुनी काडतुसं वापरली असतील आणि फक्त तेलाने पुसलं असेल, तर नळीतले खड्डे त्या हिशेबातले. ते साफ होतील, जाणार नाहीत. "चालवायची नाही" म्हणालात ते उत्तम. कधी विचार बदलला तर आधी जाणकाराकडून नळी तपासून घेतल्याशिवाय एकही काडतूस आत नको.

लाकडाला जवसाचं कच्चं तेल, चार थेंब. तळहाताने गरम होईपर्यंत चोळा, एक दिवस ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा. व्हार्निश नको. आणि हे नीट वाचा : जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना स्वतःच तापतं, बोळा पेट घेऊ शकतो. फडकं दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून टाका. लोखंडाला मात्र घरातलं कुठलंच तेल नको. शेंगतेल हवेने चिकट होतं, धूळ धरतं. खोबरेल तर २४ अंशांखाली थिजतं. हिवाळ्यात तुमच्या गावी बाटलीत बघता ना तुम्ही.

ठेवायचं कुठे? बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात ती भिंत घाम गाळते. आतल्या भिंतीचं कुलपाचं कपाट, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात. रायफल उभी ठेवायची तर तोंड खाली, फडक्यावर. दस्ता खाली ठेवलात तर वरचं तेल झिरपून लाकडात जातं आणि वर्षांनी लाकूड मऊ पडतं. पावसाळा लागण्याआधी अंगावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या. मग चार महिने दर एकादशीला कपाट उघडायचं आणि एकदा चिंधी फिरवायची. एकादशी अशासाठी की महिन्यातून दोनदा येते आणि कॅलेंडरवर शोधावी लागत नाही. हातात सुती मोजे घाला.

पूजा जरूर करा. रायफल पाटावर ठेवा, पाटावर तांदूळ, पाटावर कुंकू, पाटावरच झेंडू. रायफलीला फक्त हात जोडा. बाबांनी लावलं तिथेच बोट टेकवायचं मन झालं तर कोरडं टेकवा, आणि संध्याकाळी तेलाची चिंधी. पहिल्या वर्षी सासूबाई कुरकुर करतील, दुसऱ्या वर्षी त्याच आठवण करून देतील.

प्रश्न : काका, आमचे आजोबा दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या नावावर रायफल होती. ती गंजलेली आहे आणि तंबाखूच्या डबीत अकरा काडतुसं सापडली, हिरवी पडलेली. परवाना वडिलांच्या नावावर करायचा आहे. त्याआधी रायफल आणि काडतुसं साफ करून ठेवली तर साहेबांवर चांगली छाप पडेल, असं वडील म्हणतात. काडतुसांना ब्रासो चालेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बाळा, वडिलांना म्हणावं, हात बाजूला.

आजोबा गेले त्या दिवशी त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर गेला. दोन महिने ती रायफल तुमच्या घरात बिनपरवाना उभी आहे. शस्त्र अधिनियमाचं कलम २१ म्हणतं, अशी बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. जमा केली म्हणजे गेली, अशी भीती गावाकडे असते, म्हणून लोक माळ्यावर लपवतात आणि मग खरोखर अडकतात. जमा केलेली बंदूक परवाना झाल्यावर परत मिळते, नाहीतर परवाना असलेल्याला विकताही येते. कराडच्या ताईंनी तेच केलं, म्हणून आज त्या मला गंजाविषयी विचारू शकल्या.

जमा करायला जाण्याआधी ठाण्यात फोन करून सांगा, म्हणजे बंदूक घेऊन रस्त्यावर निघण्याऐवजी कसं न्यायचं ते तेच सांगतील. आजोबांचा परवाना, मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. वडिलांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. आत्या, काका जे वारस असतील त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. आत्याला आधी विचारा, शेवटी नको. बहिणींना शेवटी विचारायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. वडिलांच्या नावावर आधीच काही असेल तर लक्षात ठेवा, २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. परवाना आता पाच वर्षांचा असतो.

गंजाने साहेबांवर वाईट छाप पडत नाही. घासलेल्या नंबराने पडते.

काडतुसांना ब्रासो नाही, तेल नाही, रॉकेल नाही, चिंधीसुद्धा नाही. हिरवं म्हणजे पितळेला लागलेली कीड, ती काडतुसाचं पितळी कवच पातळ करते. तेल लावलं तर टोपीच्या कडेने आत शिरतं आणि मग ते उडेल की नाही, कधी उडेल, हे कुणालाच सांगता येत नाही. विहिरीत टाकू नका, पुरू नका, आणि घरात लहान मुलं असतील तर डबी आजच्या आज कुलपात. चुलीजवळच्या फडताळात असली तर आधी तिथून हलवा. रायफलीबरोबर तीही जमा करा. पावतीवर रायफलीचा नंबर आणि "काडतुसे ११" असं दोन्ही लिहून घ्या. पावतीचा फोटो आत्यालाही पाठवा.

साफसफाईचं परवाना हातात आल्यावर विचार. तोपर्यंत भोकाचा पैसा शोधून ठेव.